अप्पांच्या फियाटचं पत्राकाम

पुणे,
मे महिना

प्रिय बंड्या,

फोटो मिळाले. दापोलीच्या खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं उघड्यावर उभी राहूनही अप्पांची फियाट अजून गाडीसारखी दिसते, हेच मला नवल वाटलं. तुझा मिस्त्री म्हणतोय की सडलेल्या जागांवर वरून पत्रा मारू, लांबी, म्हणजे पुट्टी भरू आणि गणपतीच्या आत रंग करून देऊ. त्याला अजून हो म्हणू नकोस.

जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली. १९६९ची ही ११०० डी तशी नाही. हिच्यात फ्लोअर, दारांखालची पोकळ पेटी म्हणजे सिल, खांब आणि छप्पर हे सगळं एकमेकांना स्पॉट वेल्डनं, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगनं जोडलेलं आहे, आणि तीच हिची चासी. म्हणून सडलेलं मडगार्ड ही दिसण्याची तक्रार झाली. सिल सडला तर मात्र गाडी मधून वाकते. तू बोनेटच्या कडेचे सात-आठ फोटो पाठवलेस आणि सिलचा एकच, तोही अंधारातला! नेमकं उलट हवं होतं.

माझं मत सरळ आहे. बाहेरचा पत्रा जमेल तेवढा जुना ठेव, भार वाहणारा पत्रा बिनदिक्कत काप. लोक बरोबर याच्या उलट करतात, कारण बाहेरचं चारचौघांत दिसतं.

वरून पत्रा मारायला माझा विरोध का, तर गंज आत तसाच राहतो. दोन पत्र्यांच्या सांदीत पाणी धरून राहतं, आणि कोकणात त्यात मीठही असतं, ते हवेतली ओल ओढत बसतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे जोड आतून फुगतो आणि एकदोन पावसाळ्यांत वरचा रंग पोळीसारखा उकलतो. सडकं कापत जायचं ते चकचकीत, जाड लोखंड लागेपर्यंत. स्क्रूड्रायव्हर घे आणि स्वतः टोचून बघ. आत गेला तर तो पत्रा मेला. लोहचुंबकही फिरव, जिथे धरत नाही तिथे खाली जाड लांबी आहे. अप्पांनी मुंबईत असताना एकदा ठोकरंग केलाच होता, त्यामुळे सापडेल बरीच.

सिल कापण्याआधी एक गोष्ट मिस्त्रीकडून करून घेच. दारांच्या चौकटीत चौकोनी पाईपाचे आडवे आणि तिरपे टेके तात्पुरते वेल्ड करायचे, कर्णांची मापं लिहून ठेवायची, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. टेके न लावता दोन्ही सिल काढले तर गाडी काही मिलिमीटर खचते. मग नवे सिल त्याच खचलेल्या मापात पक्के होतात आणि दारं जन्मभर लागत नाहीत. अधूनमधून दार लावून फट बघायची, तेवढीच परीक्षा.

पत्रा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड घ्यायचा. बाहेरच्या भागांना २० गेज आणि सिलला १८, म्हणजे जास्त जाड. गॅल्व्हनाइज्ड आणू देऊ नकोस, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो आणि मिस्त्री तापानं झोपतो. जुने स्पॉट वेल्ड ड्रिलनं सोडवायचे. नव्या पत्र्याला तिथेच भोकं पाडून सीओटू वेल्डिंगनं (कार्बन डायऑक्साइड सोडत तारेनं करतात ते) ती भरायची. सलग शिवण ओढायची नाही, एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, नाहीतर पत्रा तापून लाटा मारतो. तुझा मिस्त्री जुन्या वळणाचा आहे, गॅस वेल्डिंगवर हात बसलेला. दारामडगार्डांना त्याला गॅस वापरू दे. गॅसचा जोड मऊ राहतो, मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा लावून हातोडीनं सपाट करता येतो. सिलला मात्र सीओटूच. आणि पेट्रोलची टाकी आधी उतरवा. रिकामी आहे म्हणून ठेवू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक. बॅटरीही सोडा.

दारांचं खालचं टोक सडलंय, कारण पाणी जायची भोकं मातीनं बुजली. खालची वीतभर पट्टी बदलली की भागेल. अख्खं दारच हवं असेल तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात बघू, पण मुंबईतली शेवटची पद्मिनी (हिचाच पुढचा अवतार) टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आता माल आटत चाललाय. शिवाय टॅक्सीचं दार म्हणजे निम्मी लांबी. जाताना जुन्या दाराचा पुठ्ठ्याचा फर्मा आणि लोहचुंबक, दोन्ही खिशात.

आता कागद. चासी नंबर ठोकलेल्या पत्र्याला कोणी ग्राइंडर लावणार नाही हे बघ, नाहीतर आरटीओत जन्म जाईल. तू व्हिंटेज नोंदणीचं विचारलंस. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण बॉडी मूळ रूपात हवी, आणि मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. अप्पांना रोज सकाळी हर्णैला मासळी आणायला जायचंय ना? मग त्या वाटेला जाऊ नकोस, साधी नोंदणीच चालू ठेव. पत्राकाम मात्र मूळ आकारातच कर, उद्या कोणी विचार बदलला तर दार बंद नको.

गणपतीचा नाद सोड. उघडा केलेला पत्रा जुलैत कोकणात एका रात्रीत लाल होतो, प्राइमर मारायलाही सवड देत नाही. दसऱ्यानंतर कापाकापी सुरू करा. तोवर गाडी छपराखाली घे, आतलं काथ्याचं मॅट काढून फेक आणि दारांची भोकं तारेनं मोकळी कर. काम झाल्यावर सिलच्या पोकळीत आतून मेण फवारायचं असतं, ते मी इथून आणतो.

मिस्त्रीला विसार देण्याआधी मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बॉडीला जिथे लागतात तिथले चार फोटो उजेडात काढून पाठव. ते दोन कोपरे शाबूत असतील तर खर्चाचं बोलू; नसतील तर मीच आधी येऊन बघतो. अप्पांना नमस्कार, वहिनींना सांग की या वेळी सोलकढी जास्त लागेल.

तुझा,
पक्या