लिफ्टआधी फरशी बघ

प्रिय मंदार,

तू गॅरेजमध्ये गाडी उचलायची लिफ्ट बसवतोयस हे वाचून फार बरं वाटलं. या वयात मस्टँगखाली पाठीवर झोपून काम करणं आता पुरे. फक्त दोन खांबांच्या लिफ्टचे पैसे भरायच्या आधी माझं ऐक. लिफ्ट किती वजन उचलते ते तू नीट बघितलंस, पण खालच्या काँक्रीटबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

या लिफ्टमध्ये गाडी खांबांपासून आत, चार हातांवर तोललेली असते. त्यामुळे खांब नुसता खाली दाबत नाही, आतल्या बाजूला झुकायला बघतो आणि बेसप्लेटच्या, म्हणजे त्याच्या तळाच्या पोलादी पाटाच्या, बाहेरच्या कडेचे अँकर बोल्ट (खांब फरशीला जखडणारे) वर उपसायला लागतात. तू गाडीखाली उभा असताना तिला धरून ठेवायचं काम त्या बोल्टांभोवतीच्या काँक्रीटचं. ते पातळ किंवा कच्चं असेल तर बोल्ट शंकूसारखा ढलपा घेऊनच बाहेर येतो.

घरगुती लिफ्टना बहुतेक कंपन्या किमान 4 इंच जाडी आणि 3000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ताकद मागतात, काही त्याहून जास्त. तुझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच खरं. काँक्रीटची ताकद तपासायला कराडला आम्ही सिव्हिल इंजिनिअरिंगवाले त्याचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, फोडायचो. इथे अमेरिकेत सिलिंडर, म्हणजे गोल ठोकळे, फोडतात, आणि सिलिंडरचा आकडा क्यूबच्या साधारण 80 टक्के येतो. म्हणून 3000 पीएसआय म्हणजे आपलं भारतातलं एम 25 प्रतीचं काँक्रीट समज. नवीन काँक्रीट ओतलंस तर 28 दिवस थांब. बोल्ट तड्यापासून आणि जॉइंटपासून मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढे लांब हवेत.

आता मुख्य गोष्ट. तू सॅन अँटोनिओत आहेस. तिथली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून टेक्ससमधल्या कितीतरी घरांचे स्लॅब पोस्ट-टेन्शन असतात, म्हणजे काँक्रीटच्या पोटात पोलादी केबल ताणून ठेवलेल्या. अर्ध्या इंचाची एक केबल सुमारे 33,000 पौंडांनी, म्हणजे जवळजवळ 15 टनांनी ओढलेली असते. ड्रिल करताना ती तुटली तर काँक्रीट फोडून बाहेर उसळू शकते. माणूस जायबंदी होतो, आणि घराचा पाया कमजोर होतो तो वेगळाच. अशा स्लॅबला अंदाजाने एकही भोक पाडू नकोस.

गॅरेजच्या दाराजवळ फरशीत ठसा किंवा पाटी आहे का बघ. ‘पोस्ट-टेन्शन स्लॅब, कापू नये’ अशा अर्थाचा मजकूर असतो. बाहेरून पायाच्या कडेला ओळीने सिमेंटने बुजवलेली छोटी गोल भोकं दिसली, तर ती केबलची टोकं. काहीच सापडलं नाही म्हणून केबल नाहीत असं धरून चालू नकोस. घराचे नकाशे मागव, आणि रडारने स्लॅब स्कॅन करणारा माणूस बोलाव. त्याची फी लिफ्टच्या किमतीपुढे काहीच नाही.

केबल नाहीत अशी खात्री झाली की खांबांच्या जागी भोक पाडून जाडी मोज. कागदावरचे 4 इंच जमिनीत कधीकधी साडेतीनच भरतात. जाडी कमी निघाली तर तेवढा स्लॅब कापून, कंपनीच्या आराखड्याप्रमाणे सळया टाकून खोल पाया ओतता येतो. बोल्टच्या भोकातली धूळ फुंकून पार साफ कर. धूळ राहिली तर बोल्ट घट्ट पकड घेत नाही. साफ करायच्या आधीच बोल्ट ठोकायची घाई हमखास होते.

आणि केबल निघाल्या तर माझं मत सरळ आहे: चार खांबांची लिफ्ट घे. तिचं वजन चारही पायांतून सरळ खाली उतरतं, बऱ्याच मॉडेलना बोल्टही लागत नाहीत. फरशीची अट मात्र तिलाही असते, ती वाचूनच घे. चाकं काढायची तर मधे वेगळा जॅक लागेल, तेवढी गैरसोय सोस.

दाराजवळच्या फरशीचे आणि बाहेरच्या पायाचे फोटो या आठवड्यात पाठव. मॅन्युअलचं फरशीबद्दलचं पानही जोड. मी बघून कळवेपर्यंत ऑर्डर देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सतीश