बेळगावात उद्यमबागच्या मिस्त्रीकाकांना, तांबड्या दोऱ्यासाठी

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

काल शेवटच्या वाफ्याची चिखलणी झाली. टिलर बांधावर लावला आणि पहिली आठवण तुमची आली. खानापुरात पाऊस लागला की रोपं थांबत नाहीत, त्यात आमचे चार दिवस वाया गेलेले.

आधी ज्यांनी चाकाचं काम केलं, त्यांनी ग्रीस आणि कॉपर पेस्ट (बोल्ट गंजून अडकू नये म्हणून लावतात ती तांब्याच्या पुडीची पेस्ट) एकाच डब्यात कालवून बेअरिंगपासून बोल्टापर्यंत सगळीकडे चोपडलं होतं. दोन्ही चांगली, मग एकत्र केली की अजून चांगली, म्हणाले. बेअरिंग आठ दिवसांत घरघरायला लागलं. पान्याला पाइप घालून आवळलेला बोल्ट तुटला. विचारायला गेलो तर "नवीन हब घाल", एवढंच. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

तुम्ही हब उघडलंत, आतलं ग्रीस माझ्या बोटाला लावलंत. "चोळून बघ की." खरखर लागली. तांब्याची पूड, आणि त्यातच झिजलेलं लोखंड. आट्यांत बसून गंज धरू न देणारी पूड छर्‍यांखाली गेली की बेअरिंग खाते, हे तेव्हा कळलं. "फिरतं तिथं ग्रीस, बसतं तिथं पेस्ट." बोल्ट का तुटला तेही सांगितलंत: पेस्टनं आटे निसरडे होतात, जोर तेवढाच लावला तर बोल्ट जास्त ताणला जातो. सायलेन्सरच्या बोल्टाला मात्र पेस्टच हवी. ग्रीस जळून जातं, तांबं १००० अंशांच्या आसपासही टिकतं. शेजारी उभ्या बैलहोंगलच्या शेतकऱ्याला हेच सगळं तुम्ही कन्नडमधून पहिल्यापासून सांगितलंत. तेवढ्याच शांतपणे.

काका, बेअरिंग कुणीही बदललं असतं. पण निघताना तुम्ही दोन छोटे ब्रश दिलेत, आणि पेस्टच्या ब्रशाच्या दांड्याला तांबडा दोरा गुंडाळून दातानं तोडलात. "घरात दुसरं कोण काम करील, तेव्हा सांगायला तू असशीलच असं नाही. दोरा सांगेल."

हातातली विद्या मुठीत धरून बसणारे बरेच बघितले. तुम्ही ती माझ्या घरापर्यंत पोचवलीत. अशी माणसं आहेत म्हणून परक्या दारात जायचं धाडस होतं.

काल अंधार पडताना बाबा चाकाचे बोल्ट बसवत होते. चष्मा घरी राहिलेला. त्यांनी दोन्ही ब्रश हातात घेतले, दोरा चाचपला आणि बरोबर तोच उचलला.

तुमचा,
खानापूरचा टिलरवाला