गार झाल्यावर काय होतं ते बघ

अंबरनाथ,
रविवार, रात्रीचे नऊ

प्रिय शुभे,

तुझा चार मिनिटांचा आवाजी निरोप परवा गाडीत कानाला फोन चिकटवून दोनदा ऐकला. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यात सांगण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून सरळ पत्र लिहायला बसले. हसू नकोस.

तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६.१ आली म्हणून तू घाबरलीस. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, घरात शिरलेली नाही अजून. औषधपाण्याचं तुझे डॉक्टर बघतील. पण सकाळी सातच्या कंपनीच्या बसमध्ये चहा-खारी आणि दहाला हिंजवडीत वडापाव, हे तू स्वतःच सांगितलंस, आणि वर विचारतेस, 'तू रोज डबा कसा नेतेस गं?' तर ऐक. आधी दोन वर्षं तोंडावर आपटले, मग जमलं.

माझी सकाळ तुला माहीत आहे. अंबरनाथला चढले तर बसायला मिळत नाही, म्हणून आधी उलटी बदलापूरला जाते आणि तिथून सुटणारी सीएसएमटी पकडते. बदलापूर ते कल्याण वीसेक मिनिटं. जे खायचं ते तेवढ्यात. कल्याणला गर्दी आत आली की स्वतःचा हात स्वतःच्या तोंडापर्यंत नेता येत नाही, डोंबिवलीनंतर तर बोलूच नकोस. म्हणजे माझा नाश्ता कसा हवा? एका हाताने खाता येणारा, न सांडणारा, वास न मारणारा, आणि गार झाल्यावरही घशाखाली उतरणारा. पौष्टिक वगैरे त्यानंतर. न खाल्लेला पौष्टिक नाश्ता संध्याकाळी डब्यातून केराच्या बादलीत जातो, हे मी पुष्कळदा करून बघितलंय.

सुरुवात मीही सगळ्यांसारखीच केली. रात्री ओट्स दुधात भिजवून बाटलीत. दोन दिवस फार आधुनिक वाटलं, तिसऱ्या दिवशी झाकण सैल राहिलं आणि पर्समधला पास, कंगवा, पाकीट सगळं दुधात न्हालं. केळ्याची स्मूदी सकाळी पांढरी, गाडीत तपकिरी. पोहे तर माझे इतके लाडके, पण डब्यातले गार पोहे म्हणजे चिवट रबर. उपम्याची वडी पडते. याचं कारण मला उशिरा कळलं : शिजताना पाणी पिऊन फुगलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट होत जातो. पोहे, उपमा, भाकरी, सगळ्यांचं तेच. तेव्हापासून कुठलाही पदार्थ निवडताना मी एकच बघते. रविवारी करायचा, दोन तास ओट्यावर ठेवायचा आणि मग चाखायचा. गरम तव्यावरून उचलून 'वा!' म्हणण्याला काही अर्थ नाही.

आणि अशी परीक्षा घ्यायला लागल्यावर पहिला पास कोण झाला असेल? धपाटे! लातूरहून एसटीने निघताना आई जे फडक्यात बांधून द्यायची, तेच. आपण किती नाकं मुरडायचो आठवतं? सहलीला दुसऱ्या पोरींकडे ब्रेड-जॅम असायचा आणि आपल्याकडे मेथीचे धपाटे नि शेंगदाण्याची चटणी. आता कळतंय, त्या बायांनी प्रवासाचा पूर्ण विचार केला होता. पाण्याऐवजी दह्यात भिजवलेलं पीठ, वरून तेल, त्यामुळे गार झालं तरी लवकर वातड होत नाही. दशमीचंही तेच, दुधात मळायची. आजी म्हणायची, पाणी लागलं नाही की प्रवासात चालतं. तिच्या लेखी तो सोवळ्याचा मामला होता, पण टिकायचंही त्यामुळेच.

माझं प्रमाण सांगते : दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं, अर्धी वाटी बेसन, मूठभर चिरलेली मेथी, तीळ, ओवा, हळद, तिखट, मीठ, दोन चमचे तेल, आणि मावेल तेवढं दही. निव्वळ ज्वारी घेतलीस तर ती थापताना चिरते, कारण तिच्यात ग्लुटेन नाही. गव्हाने धरून ठेवलं जातं. कांदा घालू नकोस. सकाळपर्यंत पाणी सुटतं आणि डबा उघडला की अख्ख्या डब्याला कळतं. (इथे दोन्ही अर्थ घे.) ओल्या फडक्यावर थाप, तव्यावर उलटं टाक, फडकं सोडव. रात्री करून ठेवले तर सकाळी फक्त शेकायचे. ज्वारी आहे म्हणून चार खाऊ नकोस हं, दोन पुरेत. पीठ ते पीठच.

आठवड्यातून दोन दिवस मुगाची धिरडी असतात. सालासकटचे मूग रात्री भिजत, सकाळी आलं-मिरची-जिऱ्याबरोबर वाटायचे. आंबवायची भानगड नाही, हे त्याचं मोठं सुख. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात चोवीसेक ग्रॅम प्रथिनं, म्हणून अकरा वाजता भुकेने हात थरथरत नाहीत. वाटलेलं फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. धिरड्यावर सुकी शेंगदाण्याची चटणी पसरून घट्ट गुंडाळी करते. लसणाची चटणी एकदा नेली होती. समोरच्या मावशींनी काही न बोलता पदर नाकाला लावला, तेव्हापासून ती सुट्टीच्या दिवशी. उकडलेल्या अंड्याचंही तसंच. एकात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, फार सोयीचं, पण बंद बसमध्ये सोलू नकोस, ऑफिसात पोहोचून खा.

उरलेल्या दिवशी आप्पे. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथीदाणे. त्यात किसलेलं गाजर, कोथिंबीर. एक आप्पा, एक घास, हात स्वच्छ. पण पीठ आंबणं हवेवर आहे बाई. मे महिन्यात माझं पीठ सात तासांत पातेल्याबाहेर येऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. डिसेंबरात चौदा तासांनीही ढिम्म. पुण्याची थंडी आमच्याहून कडक, तेव्हा पातेलं जाड चादरीत गुंडाळून बंद कपाटात ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. गरम पदार्थ डब्यात भरून झाकण लावू नकोस. वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली पडते, आणि कल्याण यायच्या आत सगळ्याचा ओला लगदा. मी दहा मिनिटं जाळीवर पसरते, तेवढ्यात वेणी होते. मग सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. फॉइलमध्ये घाम फुटतो, फडकं तो पिऊन घेतं. आणि वर्तमानपत्रात काही बांधू नकोस, छपाईची शाई अन्नाला लागते. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या नियमांत त्याला मनाईच आहे. तुझा वडापाव कशात बांधून येतो ते उद्या जरा बघ.

वेळेचं म्हणशील तर रविवारचा दीड तास जातो, खोटं कशाला बोलू. निवडणं, भिजवणं, चटणी कुटणं. हे मात्र चटणी छान कुटतात, ते खातं मी त्यांच्याकडे दिलंय आणि परत मागितलेलं नाही. ज्वारी गिरणीत नेतेस तेव्हा 'गव्हावर दळू नका' म्हणून सांग. आणि बाजरी थोडीथोडीच दळून आण, तिच्या पिठाला आठ-दहा दिवसांत कडवटपणा येतो.

पाचही दिवस जमेल असं समजू नकोस. मागच्या गुरुवारी मीच ठाण्याच्या फलाटावर वडापाव खाल्ला. उत्तम होता.

तुझ्या आईला एक गोष्ट विचार. तुझ्याकडच्या धपाट्यांना जो लुसलुशीतपणा असायचा तो माझ्या हाताला अजून येत नाही. माझी आई प्रमाण विचारलं की 'अंदाजे' म्हणते. काकूंनी वाटीने मोजून सांगितलं तर उपकार होतील. त्या भोपळा किसून घालायच्या का गं?

तुझीच,
कुंदी

ता. क. माझं बिडाचं आप्पेपात्र तू २०१९ च्या दिवाळीत नेलंस, ते तुझ्याच ओट्याखाली आहे. आधी त्याला तेल लावून दोन दिवस ठेव, मग वापर. परत नको देऊस, मी दुसरं घेतलंय.