फोन हातातून न घेता शिकवणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

नाव लिहीत नाही, तुला आवडणार नाही ते. पण आभार मानल्याशिवाय राहवतही नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आणि हे अख्खं पत्र फोनवरच टाईप केलंय.

फोनवर मराठी कसं टाईप करायचं हे आजवर ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच केलं. "दे इकडे" म्हणत फोन हातातून काढून घेतला, खटाखट बोटं चालवली आणि "हे घे, झालं" म्हणून परत दिला. कसं झालं ते काही कळायचं नाही. कुणी म्हणे व्हॉइस मेसेज पाठव, कुणी म्हणे इंग्लिश अक्षरांत लिही ना मराठी, सगळे तेच करतात. घरचे काय न् ऑफिसातले काय, दोन मिनिटं थांबायची कुणाची तयारी नव्हती. राग आहे मला त्याचा, अजूनही आहे.

तू फोनला हातच लावला नाहीस. शेजारी बसलीस, हात मांडीवर, आणि मी भलतंच बटण दाबलं तरी ते तिथेच राहिले. "काकू, एकदाच बॅकस्पेस दाबा आणि काय जातं ते बघा," एवढंच म्हणालीस. दाबलं तर अख्खं अक्षर गेलं नाही, नुसती वेलांटी गेली! म्हणजे वेलांटी चुकली म्हणून शब्द पुसून पहिल्यापासून लिहायची गरजच नाही, हे मला माझ्या बोटाने कळलं, कुणी सांगून नाही. मी शोधत होते तेवढा वेळ तू गप्प बसलीस ना, ते मी विसरणार नाही. घाई असताना सुद्धा समोरच्याला त्याच्या वेगाने शिकू देणं याला मोठं मन लागतं गं, ते हुशारीबरोबर येतंच असं नाही आणि वयाबरोबर तर नाहीच नाही.

बाकीचं मग भराभर जमत गेलं. स्पेसबारवर बोट सरकवलं की कर्सर अक्षराअक्षराने मागे जातो, नाहीतर दोन अक्षरांच्या मधे नेमकं बोट टेकवताना जीव जायचा. घरचा पत्ता कीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत, म्हणजे आपले शब्द साठवायच्या यादीत, शॉर्टकट देऊन ठेवलाय, दोन अक्षरं लिहिली की वर सजेशनमध्ये येतो. आणि 'दुसऱ्या'! माझं नेहमी 'दुसर्या' व्हायचं, र डोक्यावर चढून बसायचा, आता खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत (पाय मोडायची खूण), मग य, आणि दरवेळी बरोबर येतं. बहिणीला परवा लांबलचक मेसेज लिहिला, जोडाक्षरांसकट, तिने लगेच फोन करून विचारलं कुणाकडून लिहून घेतलंस म्हणून.

एक राहिलंय. बसमध्ये उभं राहून एका हाताने लिहिताना पलीकडच्या कडेची अक्षरं अंगठ्याला पोचत नाहीत. कीबोर्ड एका बाजूला सरकवता येतो असं तू जाता जाता म्हणाली होतीस, ते करून बघायचंय. तुला सवड कधी आहे ते कळव.

तुझी काकू