जीपला बर्फाचं पातं

हॅम्बर्ग, न्यूयॉर्क
14 जानेवारी

प्रिय दत्ता,

तिळगूळ घे, गोड बोल. परवा फोनवर तू विचारलंस, "जीपला नांगर कसला लावलायस?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. आज सकाळपासून बर्फ पडतोय, दोनदा वाट साफ करून आलोय, म्हणून निवांत लिहितो.

त्याला नांगर म्हणतात एवढंच, उकरत काही नाही. आपली माती सपाट करायची केणी मागून ओढायची, हे पुढून ढकलायचं. बाक दिलेलं लोखंडी पातं, 6 फूट 8 इंच लांब, चौकटीसकट दीडशे किलोच्या घरात. गाडी माझी तीच, 2004 ची रँगलर जीप.

का लावलं, ते आधी सांगतो. ईरी सरोवरावरून थंड वारा आला की पाण्याची वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर बर्फ ओततो. नोव्हेंबर 2022 मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला काही दिवसांत 80 इंच पडला. पुढच्याच महिन्यात नाताळाला हिमवादळ आलं. जवळच्या बफेलो शहरात रुग्णवाहिकाच अडकून पडल्या, आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, चाळीसहून जास्त माणसं गेली. आमच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात. त्या रात्री त्यांच्या खिडकीतला दिवा दिसत होता आणि मला तिथवर जाता येत नव्हतं. ते मनातून जात नाही रे. आमची वाट 200 फुटांची. फूटभर भुसभुशीत बर्फ म्हटला तरी पाच टनांवर जातो. फावड्यानं किती उपसणार?

दुकानात गेलो तर तिथला माणूस साडेसात फुटी पातं घ्या म्हणून मागेच लागला. मी आधी दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाचलं. पुढच्या आक्सलनं, म्हणजे चाकांच्या आसानं, किती वजन पेलायचं ते त्यावर छापलेलं असतं. इंजिन कितीही दांडगं असो, हा आकडा ओलांडायचा नाही; स्प्रिंगा दबून बसतात, चाकाच्या जोडातले बॉल जॉइंट झिजतात. तू ऊस काट्यावर नेतोस ना, तशी मी जीप ट्रकच्या काट्यावर नेली. मी आत बसलेलो, टाकी भरलेली, आणि नुसती पुढची चाकं काट्यावर. उरलेल्या वजनात मोठं पातं बसत नव्हतं, म्हणून लहान घेतलं. त्याहून लहानही चालत नाही. 30 अंश तिरपं केलं की 80 इंचांचे 69 उरतात, आणि जीप 67 इंच रुंद. पातं चाकांपेक्षा अरुंद पडलं तर ढकललेला बर्फ आपल्याच चाकाखाली येतो.

तू नांगर उचललास की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, म्हणून पुढे वजनं लावतोस. इथे सगळं उलट. पातं उचललं की मागची चाकं हलकी होतात, ब्रेक दाबला की शेपूट फिरते. म्हणून मागच्या आक्सलच्याही पलीकडे वाळूची तीन पोती ठेवली, मिळून ऐंशी किलो, पट्ट्यांनी आवळून. सुटी ठेवली तर धडकेत पोतं मानेवर येईल.

पात्याची चौकट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टनं बसते. प्रत्येक नट टॉर्क रेंचनं, म्हणजे नेमक्या जोरानं आवळायच्या पान्यानं, आवळल्यावर नटावरून पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. पहिल्या वादळानंतर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो, तर दोन ठिकाणी रेघ तुटलेली! नट केसभर फिरले होते. तेव्हापासून प्रत्येक वादळानंतर खाली शिरतोच.

पाण्याच्या मोटरीसारखाच पातं उचलणारा पंपही सुरू होताना खूप करंट ओढतो. दिवे क्षणभर मंद होतात. जुनी बॅटरी टिकली नसती, नवी दणकट घातली. पात्यानं पुढचे दिवे झाकले जातात, म्हणून वर वेगळे दिवे लावावे लागले.

चालवताना घाई नको. वेग तासाला दहा मैलांच्या आत, आणि पुढचा-मागचा गिअर बदलताना गाडी पूर्ण थांबलेली. खडीच्या वाटेवर पात्याखालच्या बुटांनी, म्हणजे टेकायच्या पायांनी, ते इंचभर वर ठेवतो, नाहीतर उन्हाळ्यात खडी हिरवळीतून वेचावी लागते. पहिल्या बर्फालाच ढीग लांब नेऊन टाकायचा, कारण तो गोठला की जानेवारीत वाट दोन्हीकडून आवळत येते. रस्त्यापलीकडे ढकलायला इथे कायद्यानं मनाई आहे.

आज पहाटे आधी आजींची वाट काढली. पात्याची कड दगडाला लागली, स्प्रिंगवर मागे झुकली आणि खाडकन परत उभी राहिली. त्या दारात येऊन हात हलवत उभ्या होत्या, शाल गुंडाळून. मी काच खाली करून "आत जा, थंडी आहे" म्हणून ओरडलो, अगदी आईला ओरडायचो तसा.

तुझ्या ट्रॅक्टरला पुढे किती किलो लावतोस ते कळव. मला अजून एक पोतं वाढवावं वाटतंय.

आबांना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना तिळगूळ.

तुझाच,
बंड्या