तीस ओळींचा पडदा

पुणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी आकृती नीट पाहिली. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी जॉन लोगी बेअर्ड या टीव्हीच्या सुरुवातीच्या ब्रिटिश संशोधकाच्या पद्धतीचा, फिरत्या तबकडीचा टीव्ही करायचा हे ठरवलंस ते फार आवडलं. पण आकृतीत एक मोठी चूक आहे, ती आधी सांगते. तबकडीच्या भोकांतून मागचा दिवा दिसतो आणि प्रत्येक भोक खिडकीसमोरून जाताना चित्राची एक ओळ काढतं. तू ती चित्राची खिडकी तबकडीच्या वरच्या बाजूला काढली आहेस. तिथे भोकं आडवी सरकतात, म्हणजे ओळी आडव्या येतात. बेअर्डच्या ३० ओळी उभ्या होत्या. त्याचं चित्र ७ उंच आणि ३ रुंद, म्हणजे उभ्या माणसाच्या मापाचं. एवढ्या कमी ओळींत माणूस दाखवायचा तर दोन्ही बाजूंची रिकामी जागा परवडत नाही. म्हणून खिडकी तबकडीच्या उजव्या अंगाला घे. तबकडी समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरेल, प्रत्येक ओळ खालून वर जाईल आणि ओळी उजवीकडून डावीकडे भरत जातील.

आता मापं. तबकडी ३०० मिलिमीटर व्यासाची घे. बेअर्डच्या मूळ घरगुती संचातली, म्हणजे टेलिव्हायजरमधली, २० इंची होती, पण तेवढीला मोटर जड लागते. ३० भोकं, एकमेकांपासून बरोबर १२ अंशांवर. सगळ्यांत बाहेरचं भोक केंद्रापासून १४० मिलिमीटरवर. तिथे १२ अंशांची कमान २९.३ मिलिमीटर होते, तीच तुझ्या चित्राची उंची. तिला ३/७ ने गुणलं की रुंदी १२.६, आणि तिचे ३० भाग केले की एक ओळ ०.४२ मिलिमीटर. म्हणून प्रत्येक पुढचं भोक मागच्यापेक्षा ०.४२ ने आत. समोरून पाहताना काट्यांच्या दिशेने जावं तसं भोक आत आत सरकलं पाहिजे. शेवटचं १२७.८ मिलिमीटरवर येईल.

पत्र्याला ड्रिलने भोकं पाडण्याच्या फंदात पडू नकोस. ०.४ चं ड्रिल सारखं मोडतं, आणि एखादं भोक ०.१ मिलिमीटरने जरी सरकलं तरी एका बाजूला काळी रेघ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळी एकमेकींवर चढून उजळ पट्टा दिसतो. गोल भोकांचा आणखी एक दोष: दोन ओळींच्या मध्ये फट राहते. त्यापेक्षा स्क्रीन प्रिंटिंगवाले जी पॉझिटिव्ह फिल्म काढून घेतात, तिच्यावर आकृती छापून घे. २४०० डीपीआयच्या मशीनवर एक ठिपका ०.०१ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि भोकं हवी तशी चौकोनी मिळतात. फिल्म ३ मिलिमीटरच्या पारदर्शक ॲक्रिलिकवर चिकटव. चिकटवण्याआधी ट्यूबलाइटसमोर धरून बघ. काळ्या भागात सुईच्या टोकाएवढी गळती दिसली तर शाईने बुजव, नाहीतर चित्रात नको तिथे चमकदार रेघ उमटेल. चौकोनावर धूळ बसली तर उलट, ती ओळच काळी पडेल. प्लॅस्टिक धूळ ओढतं, तेव्हा प्रयोगाआधी दर वेळी मऊ कापडाने पूस.

खिडकीची उंची उजव्या कडेला २९.३ आणि डाव्या कडेला, जिथे आतली भोकं येतात, २६.८ पेक्षा जास्त ठेवायची नाही. जास्त ठेवलीस तर एकाच वेळी दोन भोकं दिसतील आणि चित्राच्या वरच्या कडेचा तुकडा खाली पुन्हा उमटेल. केसभर कमी चालेल.

मागे दिवा. बेअर्डकडे चपट्या पत्रीचा निऑन दिवा होता, म्हणून त्याचं चित्र नारिंगी-लाल दिसायचं. तू नारिंगी एलईडींचा छोटा पट्टा घे, पुढे दुधी ॲक्रिलिक लाव. एलईडीला सिग्नल व्होल्टेजने नाही, करंटने द्यायचा. व्होल्टेजने दिलास तर गडद भाग सगळे एकदम काळे होतात, चेहऱ्याचे गाल-डोळे वेगळे राहत नाहीत.

आणि आता ज्या गोष्टीसाठी एवढं मोठं पत्र लिहायला घेतलं ती. चित्रात उभी ७० आणि आडवी ३० अशी २१०० ठिपक्यांची जागा आहे, पण एका क्षणी त्यातला एकच ठिपका पेटलेला असतो. म्हणजे दिव्याच्या उजेडाचा २१०० वा भाग डोळ्यांपर्यंत पोहोचतो. बाकी सगळा तबकडीच्या मागे अडतो. म्हणून खोली अंधारी लागते. पुढे भिंग लावून चित्र मोठं दिसेल, उजळ होणार नाही. हा २१०० चा आकडा लक्षात ठेव, कारण ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या टीव्ही कार्यक्रमांचं रूप त्यानेच ठरवलं असं माझं मत आहे. इतिहासाची पुस्तकं माणसं आणि तारखा सांगतात. मला वाटतं, त्या काळातला कोणताही कार्यक्रम समजून घ्यायचा तर आधी उजेड कुठे वाया जात होता हे बघावं.

स्टुडिओच्या बाजूला हेच गणित उलटं होतं. तबकडीतून माणसाकडे बघायचं तर त्याच्यावर असह्य उजेड पाडावा लागे आणि त्यातला २१०० वा भाग हाती येई. बेअर्डने २६ जानेवारी १९२६ ला लंडनमधल्या सोहोत, २२ फ्रिथ स्ट्रीटच्या माडीवर रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना प्रात्यक्षिक दाखवलं. त्याआधीच्या प्रयोगांत त्याने 'स्टूकी बिल' नावाच्या बाहुल्याचं डोकं वापरलं, कारण तो उजेड आणि ती उष्णता माणसाला सोसत नव्हती. पुढे त्याने उपाय काढला: स्टुडिओत काळोख करायचा, आर्क दिव्याचा एकच ठिपका माणसाच्या अंगावरून झरझर फिरवायचा आणि परतून येणारा उजेड फोटोसेलनी, म्हणजे उजेडाची वीज करणाऱ्या सेलनी, टिपायचा. यात गंमत अशी की फोटोसेल जिथे ठेवाल तिथून प्रकाश येतोय असं चित्रात दिसतं. डावीकडचा सेल पुढे सरकवला की डावा गाल उजळतो. तुमच्या गटाने कॅमेराही करायचा ठरवला तर हे करून बघा, प्रकाशयोजना शिकण्यासाठी याहून चांगला धडा नाही.

पण मग कलाकार काळोखात, डोळ्यांवर फडफडणारा उजेड, आणि हलायला जागा नाही. लाल रंगाला ते सेल फार दाद देत, त्यामुळे ओठ गालांत मिसळून जायचे. म्हणून चेहरा पांढरा आणि ओठ, भुवया निळ्या-काळ्या रंगवत. १४ जुलै १९३० ला इटालियन नाटककार पिरांदेल्लोचं 'द मॅन विथ द फ्लॉवर इन हिज माउथ' हे ब्रिटनमधलं पहिलं टीव्ही नाटक लंडनच्या लाँग एकरमधल्या बेअर्डच्या स्टुडिओतून गेलं. लान्स सीव्हकिंग दिग्दर्शक होते. ते नाटक का निवडलं असेल बघ: मोजकी पात्रं, हालचाल जवळजवळ नाही, लांबी अर्ध्या तासाची. पडद्यावर एका वेळी एकच चेहरा. पात्र बदलायचं झालं की काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची फळी मधे सरकवायची, तिच्याआड एकाने उठायचं आणि दुसऱ्याने बसायचं. एका कॅमेऱ्यात दृश्य बदलण्याची ही रीत मला फार हुशारीची वाटते. तुमच्या प्रयोगात ती फळी जरूर ठेवा.

३० च ओळी का, हे परीक्षक नक्की विचारतील. उत्तर हिशेबात द्यायचं. २१०० ठिपके, सेकंदाला १२.५ चित्रं, म्हणजे सेकंदाला २६,२५० ठिपके. एक काळा आणि एक पांढरा मिळून एक लहर, म्हणजे सुमारे १३,००० हर्ट्झ. हे आवाजाच्याच टप्प्यात येतं. म्हणून बीबीसीच्या मीडियम वेव्ह प्रक्षेपकावरून चित्र पाठवता आलं. ३० सप्टेंबर १९२९ ला प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा एकच प्रक्षेपक मिळत होता, त्यामुळे चित्र आणि आवाज आळीपाळीने जायचे. मार्च १९३० च्या अखेरीस ब्रुकमन्स पार्कचे दोन प्रक्षेपक मिळाले आणि दोन्ही एकत्र जाऊ लागले. ऑगस्ट १९३२ पासून बीबीसीने हे काम स्वतःकडे घेतलं आणि ११ सप्टेंबर १९३५ पर्यंत चालवलं.

चित्र आवाजाच्या टप्प्यात असल्याचा आणखी एक फायदा आज आपल्याला मिळतो. ते ग्रामोफोनच्या तबकडीवर कोरता येत होतं. बेअर्डने १९२७-२८ मध्ये अशा तबकड्या केल्या, आणि एप्रिल १९३३ मधला 'लुकिंग इन' हा नाचाचा कार्यक्रम कुणीतरी घरी ॲल्युमिनियमच्या तबकडीवर उतरवून घेतला. टीव्हीच्या इतिहासाचे अभ्यासक डॉन मॅक्लीन यांनी संगणकावर त्यांतली चित्रं परत मिळवली. याच कारणाने तुझं कामही सोपं आहे: सिग्नल लॅपटॉपच्या साउंड कार्डमधून काढता येईल. नमुन्यांचा दर (सॅम्पल रेट) सेकंदाला ४८,००० च ठेव. सेकंदाला ३७५ ओळी, म्हणजे प्रत्येक ओळीला बरोबर १२८ नमुने. ४४,१०० ठेवलास तर ११७.६ येतात आणि कडा दातेरी होतात. १२८ पैकी शेवटचे ८ पूर्ण काळे ठेव. स्टिरिओच्या एका बाजूला चित्र दे, दुसऱ्या बाजूला ३७५ हर्ट्झची ठोक्यांची माळ. चित्र निगेटिव्हसारखं दिसलं तर सिग्नल उलटा झालाय, सॉफ्टवेअरमध्येच उलटव. साउंड कार्ड अगदी मंद बदल गाळून टाकतं, त्यामुळे काळी पार्श्वभूमी आपोआप करडी होते. ओळीच्या शेवटचा काळा भाग शून्यावर बांधून ठेवणारं क्लॅम्प सर्किट लावलंस की ते थांबेल.

मोटर मिनिटाला ७५० फेऱ्यांवर चालवायची आहे, आणि बहुतेक प्रयोग फसतात ते इथेच. वेग १ टक्क्याने चुकला तरी सेकंदाला जवळजवळ चार ओळींची चूक होते, चित्र वर किंवा खाली धावत सुटतं. पूर्ण ओळ चुकली की एका ओळीने आडवंही सरकतं. टेलिव्हायजरमध्ये मोटरच्या दांड्यावर ३० दात्यांचं लोखंडी चाक होतं आणि सिग्नलवर चालणारे विद्युतचुंबक ते दाते योग्य क्षणी ओढून धरत. तू तबकडीच्या कडेला, १४५ मिलिमीटरवर, ३० खाचा छाप, ऑप्टिकल सेन्सर लाव आणि त्याचे ठोके त्या ३७५ हर्ट्झशी जुळवणारं पीएलएल सर्किट मोटरला जोड. जुळवल्यावरही चित्र डोलत राहिलं तर तबकडी वेगाच्या मागेपुढे झुलते आहे असं समज. दांडा आणि तबकडीच्या मध्ये रबरी कपलिंग घाल आणि सर्किटचा जोर कमी कर.

तू विचारलंस, याऐवजी १९३६ चा ४०५ ओळींचा खरा सेटच का मांडू नये. त्या काळच्या सेटमध्ये पिक्चर ट्यूबचे काही हजार व्होल्ट थेट मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरवरून येतात. त्यात जीव घेण्याइतका करंट असतो. तो सेट मिळाला तरी तुम्ही उघडायचा नाही. ही विनंती नाही.

पण ४०५ ची गोष्ट फलकावर जरूर लिहा, कारण उजेडाचा प्रश्न तिथे सुटला. २ नोव्हेंबर १९३६ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली तेव्हा दोन पद्धती आठवड्याआड चालत. बेअर्डच्या २४० ओळींच्या पद्धतीत मोठ्या दृश्यासाठी आधी सिनेमाची फिल्म घ्यायची, ती तिथल्या तिथे धुऊन ओली असतानाच वाचायची. प्रक्षेपण सुमारे मिनिटभर मागे, आणि कॅमेरा जागचा हलत नसे. दुसरी, ४०५ ओळींची पद्धत मार्कोनी-ईएमआय कंपनीची. तिच्या एमिट्रॉन कॅमेऱ्यात अभ्रकाच्या पत्र्यावर चांदीचे असंख्य सूक्ष्म कण होते. प्रत्येक कण, इलेक्ट्रॉनचा किरण पुन्हा त्याच्यावर येईपर्यंत, उजेडाचा भार साठवत राही. वाया जाणारा उजेड आता जमा होऊ लागला. ईएमआयमधल्या आयझॅक शोनबर्ग यांच्या गटाचं हे काम मला त्या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वाटतं. दोषही होते: किरण तिरका पडत असल्याने चित्रावर सावल्या चढत, आणि त्या काढायला एक माणूस सतत नॉब फिरवत बसलेला असे. तरी कॅमेरा बाहेर पडू शकला. १२ मे १९३७ ला सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नरवरून तीन एमिट्रॉननी थेट दाखवली. फेब्रुवारी १९३७ पासून बेअर्डची पद्धत बंद झालेली होती.

याची किंमतही सांगा. ४०५ ओळींना सुमारे २५ लाख हर्ट्झ लागतात, ते मीडियम वेव्हवर मावत नाहीत. चित्र ४५ मेगाहर्ट्झवर न्यावं लागलं, आणि तिथल्या लहरींची खात्रीची मजल २५ मैलांची. ३० ओळींचं अंधुक चित्र रात्री साऱ्या ब्रिटनमध्ये पकडता यायचं, स्वच्छ चित्र लंडनपुरतं राहिलं. बर्मिंगहॅमजवळचा सटन कोल्डफील्डचा मनोरा थेट डिसेंबर १९४९ मध्ये सुरू झाला. शिवाय ते सिग्नल कोरून ठेवण्याचं साधन नव्हतं, म्हणून युद्धाआधीची अलेक्झांड्रा पॅलेसची थेट नाटकं गेली ती गेलीच.

प्रयोगात काय दाखवायचं ते असं: फक्त चेहरा, खांद्यापर्यंत. पार्श्वभूमी मध्यम करडी. डोळे काजळाने ठळक, ओठ गडद. बोलताना मान सावकाश वळवायची, कारण सेकंदाला १२.५ चित्रांत झटक्याची हालचाल पुसली जाते. काठाच्या साड्या, बारीक नक्षी काही दिसणार नाही. हातांच्या मुद्रा घ्यायच्या तर एका वेळी एकच हात, पडदाभर.

फिल्म छापायला देण्याआधी फाइल मला पाठव. फिल्म उलट्या बाजूने चिकटली तर डावं-उजवं बदलून जातं, म्हणून कोपऱ्यात 'समोरची बाजू' असं लिहून ठेव. आणि ॲक्रिलिक कापणाऱ्याला सांग की मधलं भोक मोटरच्या दांड्याच्या मापाचं, घट्ट बसेल असंच हवं. सैल असलं तर ७५० फेऱ्यांना तबकडी थरथरते.

तुझी,
आई