निबंधाचा विषय

सोलापूर

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "अप्पा, परराष्ट्र धोरणाच्या कोर्सला निबंध द्यायचाय. 'सामरिक स्वायत्तता' घेतलाय, पण सगळं पुस्तकी वाटतंय." तेवढ्यात आमच्या टॉवेल कारखान्यात पाळी बदलली आणि बोलणं अर्धवट राहिलं.

विषय बदलू नकोस. सामरिक स्वायत्तता म्हणजे कुणाच्या दबावाखाली न येता देशाने आपले निर्णय आपण घेणं, एवढं मला कळतं. फक्त सुरुवात दिल्लीतून न करता आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून कर. ७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं. २७ तारखेपासून आणखी २५, कारण आपण रशियाचं तेल घेतो. पाकिस्तानवर तेव्हा १९ होतं, बांगलादेशावर २०. टॉवेलमध्ये किलोमागे दोन-चार रुपयांवरून ऑर्डर हातची जाते, तिथे एवढी तफावत कोण सोसणार? आमच्याकडे पॅकिंग झालेला माल गोदामातच राहिला. खरेदीदाराचा निरोप एवढाच, "थांबा." मग रात्रपाळी बंद झाली. शिलाईवरच्या बायका सगळ्यांत आधी घरी बसल्या. त्यांची मजुरी नगावर, काम नाही तर पैसा नाही. त्यांतल्या एकीने मला विचारलं, "भाऊ, रशियाचं तेल आपल्या घरात कुठं येतं?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

तू सांगू शकशील. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. युक्रेन युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, दोन वर्षांत तो तिसऱ्या हिश्श्यावर गेला. स्वस्त मिळत होतं म्हणून घेतलं. तेल कुणाकडून घ्यायचं हे आपलं आपण ठरवावं, हे मला पटतं. रात्रपाळी बंद झाली तेव्हाही पटत होतं. पण त्या निर्णयाचा भार शिलाईवरच्या बाईवर किती आला आणि तो हलका करायला सरकारने काय केलं, हे निबंधात यायलाच हवं. ते आलं नाही तर निबंध अर्धाच राहील.

आणि भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक आठवतं? चौथीत असताना तुला तिथे नेलं होतं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तेव्हा देश पारतंत्र्यात होता. पथक पाठवलं ते काँग्रेसने. जखमी सैनिकांवर उपचार करत ते तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी गेले. वीस वर्षांनी, १९६२ला, त्याच देशाशी आपलं युद्ध झालं. त्याआधी शांततेने एकत्र नांदायचा १९५४चा पंचशील करारही झाला होता. तरी नंतरही चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटल्याचं आपण वाचत आलो. तुझ्या प्राध्यापकांना विचार, ही ओळख गलवानच्या चकमकीनंतरच्या चीनशी वाटाघाटीत कुठे उपयोगी पडते का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

जुलै आणि सप्टेंबरच्या शिपिंग बिलांच्या, म्हणजे माल परदेशी पाठवताना कस्टम्सला द्यायच्या कागदांच्या, झेरॉक्स मालकांना विचारून काढून ठेवल्यात. खरेदीदाराचं नाव खोडलंय. आई शनिवारी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पार्सल करणार आहे, त्यात घालतो. दोन्ही महिन्यांच्या मालाचं वजन शेजारी-शेजारी ठेवून बघ.

तुझे
अप्पा